पांढरा डबा आणि दोन निरांजनं

आमच्या संस्कृतीचं बारसं झालं ते वर्ष दोन हजार तेरा. वर्ष पक्कं लक्षात राहण्याचं कारण असं, की आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या नव्या हॉलमधला तो पहिला कार्यक्रम होता, आणि दुसऱ्या दिवशी हॉलच्या दारावर पाटी लागली: "घुगऱ्या पोटात घालण्यासाठी असतात, फरशीच्या फटीत नव्हे." खाली अध्यक्षांची सही. मी वाचायला शिकलो तो पंचेचाळिशीत, रात्रीच्या वर्गात, त्यामुळे लिहिलेल्या मजकुराचा मला अजून धाक वाटतो. पाटी वाचून मी खरोखर फटी बघून आलो. घुगऱ्या होत्या.

संस्कृती ही माझी नात. तिचे आईवडील, म्हणजे माझा मुलगा पृथ्वीराज आणि सून प्रियदर्शनी, दोघंही हिंजवडीला कॉम्प्युटरवर काम करतात. काय काम करतात हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा समजलं आणि दोन्ही वेळा वेगळं समजलं.

बारशाच्या थोडं आधी माझ्या बायकोच्या, हिराच्या, उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय लवकर सावरला. तोंड तर दवाखान्यातच सावरलं, त्याची साक्ष मी देतो. हात मात्र मागं राहिला. चहाची कपबशी धरायला गेली की बशी एकीकडे आणि कप दुसरीकडे. त्यामुळे बारशाला बायका बाळ पाळण्याच्या वरून-खालून एकमेकींच्या हातात देत होत्या, तेव्हा सख्ख्या आजीला खुर्चीवर बसवलेलं होतं. पंगतीत पथ्यावरच्या माणसाच्या पानापुढून जिलबीचं ताट जातं, तसं बाळ तिच्या पुढून गेलं.

घरी आल्यावर प्रियदर्शनी म्हणाली, "आई, मी बाळाला तुमच्या मांडीवर देते ना."

"मांडीवर ठिवायला मी काय पाट हाय?" हिरा म्हणाली. "मला तिला दोन्ही हातांनी उचलायचीय."

घरात त्या दिवसापासून एकच प्रश्न उरला: हिरा नात कधी उचलणार? बाकी सगळं, म्हणजे पुढं जे झालं ते, या एका वाक्यामुळे झालं.

हाताला व्यायाम द्यायला नम्रता नावाची मुलगी यायची. यवतमाळकडची, गोड बोलणारी आणि अजिबात न ऐकणारी. तिनं पहिल्यांदा रबरी चेंडू दाबायला दिला. हिरानं तो दिवसभर उशाशी ठेवला आणि संध्याकाळी परत केला. मग नम्रतानं एका ताटात हरभरे आणि मूग मिसळून ठेवले आणि म्हणाली, "आजी, हे बोटांनी वेगळे करायचे हं."

"मिसळलं कुणी?"

"मीच मिसळून राहिली ना आजी, व्यायामासाठी."

"मग ज्यानं मिसळलं त्यानं निवडावं. जल्मभर निवडलं की मी. तवा कुणी व्यायाम म्हनलं नाही."

नम्रता माझ्याकडे बघून म्हणाली, "आजोबा, यांना व्यायाम वाटला की त्या करत नाही. काही खेळ पाहिजे. आमच्या हॉस्पिटलात टीव्हीवरचा एक व्हिडिओ गेम होता. हातात दांडी धरायची, हात हलवला की टीव्हीतला चेंडू घरंगळते आणि समोरच्या बाटल्या पाडते. पण नवीन मशीन नका घेऊ. नवीनमध्ये हातात काहीच नसते, कॅमेराच पाहत राहते. यांना मूठ वळवायची आहे. जुनाच घ्या, पांढरा डबा येते, बिनतारी दांड्यांचा."

पृथ्वीराज म्हणाला, "आबा, मी ऑनलाइन ऑर्डर करतो. सेकंड हॅण्डसुद्धा मिळतो."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी आयुष्यात बैल सोडून दुसरी कुठलीही जुनी वस्तू विकत घेतलेली नाही. आणि न बघता बैल घेणाऱ्याला आमच्या गावात, म्हणजे ही कर्वेनगरची सोसायटी उठायच्या आधी इथं जे गाव होतं त्या गावात, माणसं काय म्हणत ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी म्हणालो, "वस्तू मी बघून आणणार." पृथ्वीराज हसला. हिंजवडीतली माणसं वडिलांना हसतात तेव्हा आवाज करत नाहीत, फक्त फोनकडे बघतात.

बुधवार पेठेत सुखदेव नावाच्या माणसाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा, पण भिंतभर यंत्रं. मी पांढरा डबा दाखवायला सांगितला. त्यानं काढून दिला. मी तो चारी बाजूंनी फिरवून पाहिला, खालून पाहिला, हलवून कानाला लावला.

"किती हाताखालून गेलाय?" मी विचारलं.

"एकच मालक होता काका. जपानचा माल आहे."

"तापतो का?"

"मशीन आहे काका. थोडं तापतंच."

"मधेच बसतो का?"

सुखदेवनं माझ्याकडे नीट पाहिलं. "काका, गॅरंटी नाही. चालतोय तोवर चालेल."

हे मला आवडलं. बैलाच्या दलालानं एवढं खरं कधीच सांगितलं नव्हतं. मग त्यानं दांड्या काढल्या. एक पांढरी, एक काळी. मी म्हणालो, "हा कसला जोड? एकाच दावणीचा दाखव."

"काका, त्यांना कुठं एकत्र चालायचंय?"

उत्तर बरोबर होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. भावाची वेळ आली. बैलबाजारात भाव तोंडानं करत नाहीत. उपरणं हातावर टाकायचं, त्याखाली दोघांनी हात धरायचे, आणि बोटांनी काय ते बोलायचं. म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही आणि घेणाऱ्याची अब्रू राहते. मी उपरणं पसरलं आणि त्याखालून सुखदेवचा हात धरला.

"काका, हात सोडा," तो हळूच म्हणाला. "दुकानात कॅमेरा आहे."

शेजारच्या मोबाइलच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. मी बोट दाबलं. त्यानं हात ओढला. मी पुन्हा दाबलं. मग एकदम त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "अरे! आमचे आजोबा करायचे हे वाशिमच्या बाजारात!" आणि त्यानं स्वतःहून दुसरा हात उपरण्याखाली घातला. कच्चा होता, पण रक्तात होतं. भाव काय ठरला ते त्या उपरण्याला ठाऊक. सांगायची रीत नाही.

व्यवहार झाल्यावर त्यानं एक वीतभर काळी पट्टी पुढं केली. "ही पण घ्या. टीव्हीवर ठेवायची."

हे मी ओळखलं. बैल विकून झाला की दलाल वेसण, घुंगरं आणि झूल वेगळी काढतो. मी म्हणालो, "राहू दे."

"काका, अहो तिच्याशिवाय..."

"राहू दे म्हटलं ना."

"मर्जी तुमची." एवढं बोलून त्यानं पट्टी खाली ठेवली, आणि मी जिंकल्यासारखा दगडूशेठला लांबून हात जोडून बसस्टॉपकडे निघालो.

त्या जपानी डब्याला आपली वीज सोसत नाही, म्हणून सुखदेवनं एक लोखंडी ठोकळाही दिला होता, वीज कमी करणारा. पाट्याएवढा जड, आणि त्यातून वायरी बाहेर आलेल्या. तो पोत्यात घालून मी सोसायटीच्या गेटवर आलो. हे गेट जिथं आहे तिथं माझी विहीर होती. राखणदार आदल्या आठवड्यात आलेला.

"कोणाकडे जायचंय?"

"घरी."

"कोणाच्या?"

आता या प्रश्नाला माझ्याकडे फार लांब उत्तर होतं. पोत्यातून वायर बाहेर आलेली त्यानं पाहिली आणि तो दोन पावलं मागं सरला. "बाबा, ह्यात काय आहे? टाइमर बियमर नाही ना?"

"खेळ आहे. बायकोसाठी."

"किती वर्षांची आहे बायको?" त्यानं विचारलं. त्याच्या मनात वाईट नव्हतं, पण मला लागलं. शेवटी त्यानं अध्यक्षांना फोन लावला, आणि अध्यक्ष खाली आले.

अध्यक्ष म्हणजे गोपाळकृष्ण दामले. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले, समोरच्या विंगमध्ये आमच्यासारखेच दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे. सोसायटीतल्या सगळ्या पाट्या त्यांच्या. त्यांनी पोत्यात वाकून पाहिलं.

"आबासाहेब, हा ट्रान्सफॉर्मर आहे."

"हो."

"आणि हा व्हिडिओ गेम."

"हो."

"आपलं वय?"

"हिराच्या हातासाठी आहे," मी म्हणालो.

"मग हातासाठीच वापरा," असं म्हणून ते वर गेले. या माणसाच्या तोंडून आजवर निरोपाचा चांगला शब्द निघालेला मी ऐकलेला नव्हता.

घरी दुसरी अडचण उभी होती. आमचा टीव्ही प्रियदर्शनीनं सुताराकडून भिंतीत बसवून घेतला होता, इतका फिट्ट की मागं वायर घालायला मुंगीलाही जागा नव्हती. टीव्ही काढायचा तर फळी काढावी लागणार, फळी काढायची तर सुतार हवा, आणि सुतार गावी गेलेला. मग माळ्यावरचा जुना, ढेरीवाला टीव्ही काढला. तो ठेवायला टेबल नव्हतं, म्हणून पृथ्वीराजची कॉम्प्युटरची जागा रिकामी केली. पृथ्वीराज स्वयंपाकघरात ओट्यापाशी बसून अमेरिकेशी बोलायला लागला. कुकरची शिट्टी झाली की अमेरिका विचारायची, काय झालं? तो म्हणायचा, "नथिंग, डिप्लॉयमेंट."

डबा सुरू झाला. पडद्यावर अक्षरं आली. जपानी.

पृथ्वीराजनं पाहिली, प्रियदर्शनीनं पाहिली, नम्रतानं पाहिली. मला एक लिपी यायला पंचेचाळीस वर्षं लागली होती, त्यामुळे मी निवांत होतो. त्या दिवशी आमच्या घरात सगळे सारखेच अडाणी होते आणि खरं सांगतो, घराला शोभा आली होती. हिरा काही कधी वाचायला शिकली नाही. ती म्हणाली, "त्या चेंडूच्या चित्रावर बोट ठिवा की." बसच्या पाट्या न वाचता ती चाळीस वर्षं मंडईला जाऊन आलेली आहे.

पण बोट ठेवणार कशानं? दांडी टीव्हीकडे रोखली की पडद्यावर एक छोटा हात यायला हवा होता. तो येईना. पृथ्वीराजनं दांडीचे सेल बदलले, मग डब्याची आणि दांडीची ओळख करून दिली. ओळख झाली, दिवा लागला, पण हात काही येईना.

"आबा," तो म्हणाला, "ह्याच्याबरोबर एक बार येतो. काळी पट्टी. ती कुठंय?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"आबा?"

"तो फसवत होता," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी सुखदेवकडे गेलो. मला बघताच त्यानं उपरण्यासाठी हात पुढं केला, पण पट्टी त्यानं विकून टाकली होती. पृथ्वीराजनं मागवली, तर ती परदेशातून यायला महिना. हिरा डब्याकडे बघून म्हणाली, "तंवर पोरगी चालायला लागंल. मग कशाला कोन उचलतंय तिला."

मी दामल्यांकडे जायचं ठरवलं. हे सोपं नव्हतं. त्यांच्या दारावर "बेल एकदाच वाजते, दुसऱ्यांदा वाजवल्यास माणूस तोच येतो" अशी पाटी आहे. मी एकदाच वाजवली आणि पट्टीची हकीकत सांगितली. ते आमच्या घरी आले, दांडीच्या तोंडाशी डोळा नेऊन पाहिलं आणि म्हणाले, "टीव्ही बघत नाही. दांडी बघते. तिला आपण कुठं आहोत हे कळायला दोन दिवे लागतात. त्या पट्टीत दोन दिवेच असतात, माणसाला न दिसणारे. तो प्रकाश ज्योतीतही असतो. टीव्हीसमोर हातभर अंतरावर दोन ज्योती ठेवा."

"म्हणजे निरांजनं?" हिरानं विचारलं.

"विज्ञानाला भांड्याची अडचण नाही."

हिरानं देवघरातली दोन चांदीची निरांजनं आणवली. तुपाच्या वाती लावल्या, दोन पाटांवर टीव्हीसमोर ठेवल्या. पृथ्वीराजनं दांडी रोखली आणि पडद्यावर छोटा हात आला. मी आजवर पुष्कळ चमत्कार ऐकलेत, पण तुपावर चाललेलं जपानी यंत्र मी त्या दिवशी पाहिलं. एकच त्रास. पंख्यानं ज्योत हलायची, म्हणून पंखा बंद. एप्रिल महिना. खेळणारी हिरा, पण घामानं निथळणार सगळं घर.

हिरा खेळायला लागली. डाव्या हातानं उजव्याला आधार देत हात मागं न्यायचा, पुढं आणायचा. पहिल्या दिवशी चेंडू कडेच्या नाल्यात गेला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी एक बाटली पडली आणि हिरा म्हणाली, "मेली." नम्रता कौतुकानं बघायची, पण व्यायाम हा शब्द तोंडातून काढायची नाही. शिकली होती.

आमचं दार दिवसा उघडं असतं. गावातली सवय. वरच्या मजल्यावरच्या जयाताई जिना उतरताना थबकल्या. आत दिवे लागलेले, पडद्यावर काहीतरी उजळतंय, घंटी वाजतेय, आणि दिव्यांसमोर हिरा हात ओवाळतेय. त्यांनी चपला काढल्या, आत आल्या, टीव्हीला नमस्कार केला आणि मला हळूच विचारलं, "कुणाचं आहे हो?"

"हिराच्या हाताचं आहे," मी म्हणालो. मला वाटलं, मी खरं तेच सांगतोय.

दुसऱ्या दिवशी जयाताई दोघींना घेऊन आल्या. त्यातल्या एकीच्या खांद्याला त्रास होता, दुसरीच्या गुडघ्याला. तिसऱ्या दिवशी टीव्हीपुढं नारळ आला. मी हिराला म्हणालो, "अगं, सांग त्यांना की हा खेळ आहे." हिरा म्हणाली, "तुमीच सांगा. मला सांगाया लाज वाटती की म्हातारपणी मी गेम खेळतीय. त्यापरीस देव बरा." मी सांगितलंही. जयाताईंनी समजूतदारपणे मान हलवली आणि जाताना कापूर ठेवून गेल्या. शिकलेली माणसं हे एक फार चांगलं करतात. एकदा ठरवलं की ठरवलं.

लवकरच आमच्या जिन्यात पाटी लागली: "टी.व्ही. ही देवता नाही. तरीही दर्शन घ्यायचे असल्यास चपला स्वतःच्या मजल्यावर काढाव्यात." दर्शनाला येणाऱ्यांत वाढ झाली, कारण तोवर ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही पाटीमुळे कळलं.

या गर्दीत हिराचा हात सुधारत होता की नाही, हे बघायला कुणाला फुरसत नव्हती. मी बघत होतो. कप धरता यायला लागला होता, पण भरलेला नाही. प्रियदर्शनी बाळाला घेऊन शेजारी बसायची, आणि डाव संपला की हिरा बाळाकडे आणि प्रियदर्शनी हिराच्या हाताकडे बघायची.

मग कबुतराचा प्रकार घडला.

आमच्या गॅलरीत सांडगे वाळत होते. हिरा खेळत होती, दांडीला असते ती मनगटात अडकवायची दोरी तिनं बोटांत घेतली होती. नम्रता रोज सांगायची, दोरी मनगटात घाला, आणि हिरा म्हणायची, दाव्याला बांधायला मी काय गाय हाय? एवढ्यात कबुतर सांडग्यांवर उतरलं. पुढचं सगळं आपोआप झालं. ज्या जागी आज ए विंग उभी आहे तिथं आमची ज्वारी असायची, आणि ऐन कणसाच्या दिवसांत हिरा राखणीच्या माळ्यावर उभी राहून गोफण फिरवायची. तिचा दगड कधी चुकला नाही, हे आमच्या लग्नाआधीच माझ्या कानावर आलं होतं आणि मी तरी लग्न केलं. तर हिरानं दोरी धरली, दांडी डोक्यावर एक फेरा फिरली, आणि तोंडानं "हाऽऽ" असं मोठं ओरडून तिनं ती सोडली.

कबुतर वाचलं. दांडी गॅलरीतून बाहेर गेली, दोन्ही विंगमधला रस्ता ओलांडून समोर कुठेतरी दिसेनाशी झाली. खांदेवाल्या बाईंनी हात जोडले. त्यांना वाटलं, अंगात आलं.

थोड्या वेळानं दामले दारात उभे. हातात मातीनं भरलेली काळी दांडी. "हे आपलं असावं. माझ्या गुलाबाची कुंडी फोडून उगवलंय. मी असलं काही लावलेलं नाही."

पृथ्वीराजनं कपाळाला हात लावला. प्रियदर्शनीनं बाळाला छातीशी घट्ट धरलं. मी दामल्यांची माफी मागायला सुरुवात केली, तेवढ्यात नम्रता आली आणि सगळे एकदम बोलायला लागल्यावर तिनं एकच विचारलं, "कोणत्या हातानं?"

हिरानं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. जणू तो शेजाऱ्यांचा होता.

"ह्या," ती म्हणाली.

नम्रता खाली फरशीवरच बसली. "आजी, तुम्ही इथून तिथं फेकून राहिल्या? ह्या हातानं?" आणि ती रडायला आणि हसायला लागली.

हिरा प्रियदर्शनीकडे वळली. दोन्ही हात पुढं केले. "आता दे."

प्रियदर्शनी मागं सरकली. म्हणाली, "आई, मला खूप आनंद झालाय. खरंच. पण आज हातात रिमोट होता. उद्या संस्कृती हातात असताना कबुतर आलं तर?"

हात लुळा होता तेव्हा बाळ पडेल म्हणून देत नव्हते, आता हातात जोर आला तर बाळ समोरच्या विंगमध्ये जाईल म्हणून देत नव्हते. प्रश्न रास्त होता, हे जास्त वाईट. हिरानं हात खाली घेतले. त्या संध्याकाळी निरांजनं लागली नाहीत. दुसऱ्या दिवशी ती डाव्या हातानं जेवली. मी म्हणालो, "सुनेच्या समाधानासाठी आधी एक भोपळा उचलून दाखव." तिनं माझ्याकडे जे पाहिलं त्यानंतर आमच्या घरात पुष्कळ दिवस भोपळ्याची भाजी झाली नाही.

डबा झाकून ठेवायची वेळ आली होती, तेव्हा दामले पुन्हा आले. "कुंडीची भरपाई राहिली आहे," ते म्हणाले.

"नवी आणून देतो," मी म्हणालो.

"कुंडी नको. एक डाव द्या. वहिनींबरोबर. कुंडी कशानं फुटली हे मला शास्त्रीयदृष्ट्या समजून घ्यायचं आहे."

हिरा उठली. अशा माणसाला नाही म्हणणं तिच्या स्वभावात नव्हतं, कारण तिला त्याला हरवायचं होतं. दामले शर्टाची बाही दुमडून, कोन मोजून, श्वास रोखून चेंडू टाकायचे आणि नाल्यात घालायचे. हिरा पाट्यावरून वरवंटा ओढावा तसा हात न्यायची आणि बाटल्या आडव्या. दामले म्हणाले, "ज्योत हलली." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तूप कमी होतं." तिसऱ्या दिवशी येताना तूप घेऊन आले. समोरच्या घरात एकट्यानं पाट्या लिहीत बसणारा माणूस हरण्यासाठी रोज रस्ता ओलांडून यायला लागला, आणि भरपाई काही फिटेना.

एका रविवारी चौघांचा डाव झाला. एका बाजूला दामले आणि पृथ्वीराज, दुसऱ्या बाजूला हिरा आणि प्रियदर्शनी. प्रियदर्शनी हिंजवडीत माणसं सांभाळते म्हणे, पण बाटल्या पाडताना ती ओरडते हे त्या दिवशी कळलं. बाळ तिच्या कडेवर, उजव्या हातात पांढरी दांडी, केस तोंडावर. डाव शेवटापर्यंत आला आणि बरोबरी झाली. राहिला होता फक्त प्रियदर्शनीचा चेंडू.

"सूनबाई," दामले म्हणाले, "वेळ काढणं हा खेळ नव्हे."

"अहो काका, थांबा ना! एका हातानं होत नाहीये. आई, हिला धरा हो जरा!"

आणि तिनं न बघता बाळ बाजूला दिलं.

हिरा शेजारीच उभी होती. तिनं हातातली दांडी टेबलावर ठेवली आणि बाळ घेतलं. डावा हात खाली, उजवा पाठीमागं, बोटं पसरून. संस्कृतीनं तिच्या गळ्यातली पोत धरली. मी एवढंच पाहत होतो. प्रियदर्शनीनं चेंडू टाकला. दहाच्या दहा बाटल्या पडल्या. ती किंचाळली, पृथ्वीराजनं डोकं धरलं, दामले म्हणाले "ज्योत...", आणि मग प्रियदर्शनी वळली.

तिनं पाहिलं. तिचे हात आपोआप पुढं आले.

हिरा हलली नाही. म्हणाली, "थांब की. समद्या पाडल्या की आनखी दोन चेंडू मिळत्यात तुला. टाक निवांत. हाय मी."

प्रियदर्शनीनं एकदा बाळाकडे पाहिलं, एकदा हिराच्या हाताकडे. मग ती टीव्हीकडे वळली. ते दोन चेंडू टाकायला तिनं फार वेळ लावला. पहिल्याआधी केस बांधले. दुसऱ्याआधी दांडी पुसली. दामल्यांनी एकदाही वेळेबद्दल तक्रार केली नाही. दोन्ही चेंडू नाल्यात गेले.

पांढरा डबा त्यानंतर दोन वर्षं चालला. हिरा १९ मार्च २०१९ रोजी, मंगळवारी सकाळी, झोपेत गेली.